बोक्याचं चिलखत

ती : त्या खोक्यात नको, त्यात काचेची भांडी आहेत. गेमचं मशीन वेगळं गुंडाळ. जुन्या टॉवेलात.

तो : म्हणजे नेतेयस तू ते.

ती : मग? फ्रिज तुझा, कपाटं तुझी. मी एवढंच तर मागितलं. वकिलीणबाईंसमोर मान हलवलीस ना?

तो : हलवली. ने.

ती : मग तोंड का पाडतोस?

तो : तोंड असंच आहे.

ती : दादा टेम्पो घेऊन येतोच आहे. याची वायर कुठली? ही काळी?

तो : अगं, ओढू नकोस! चालू आहे ते. लढाई अर्धी आहे.

ती : चालू? आठवडा झाला मी दादाकडे राहतेय, आणि तू इथे राक्षस मारत बसलायस?

तो : मारत नाहीये. तू गेल्यावर थोडं खेळलो, मग शेवटच्या लढाईशी थांबलो. चाल आपली आहे. आपण बटण दाबेपर्यंत समोरचा हलत नाही, नुसता उभा राहतो. म्हटलं, राहू दे उभा.

ती : सरक, बघू दे. ...हे बघ! अजून तीच खोड! बोक्याच्या अंगावर चिलखत नाही. समोर एवढा ड्रॅगन आणि हा उघडाबंब! किती मारामारी करून मिळवलं होतं ते चिलखत.

तो : पेटीत आहे.

ती : पेटीत काय लोणचं घालायचंय? किती भांडलोय आपण यावरून. मी चष्म्याच्या दुकानातून दमून यायचे, बघते तर तुझा बोका अर्धमेला. माझ्या चालीत मी त्याला चिलखत घालायचं, तुझ्या चालीत तू काढायचं. नाव बोका, अक्कलही बोक्याचीच.

तो : नाव तूच ठेवलंस.

ती : आणि मला फौजदार कोण म्हणालं? मी आपली पलंगावर आडवी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कूससुद्धा हळू बदलायची. छताकडे बघून वेड लागायची पाळी आली, तेव्हा तू हे घेऊन आलास. एक चाल तुझी, एक माझी. बोका, फौजदार आणि...

तो : चिमणी.

ती : हं.

तो : ती काठीवाली छोटी पोर आली खेळात, जखमा बऱ्या करणारी. तू पोटावर हात ठेवलास आणि म्हणालीस, हिचंच नाव देऊ या हिला.

ती : नको. आज नको. ती गेल्यापासून तिचं नाव तुझ्या तोंडून ऐकायला मी तरसले, तेव्हा नाही बोललास. आता खोकी बांधून झाल्यावर बोलू नकोस.

तो : बरं.

ती : बघ! बरं! याच्याशी मी संसार केला, या एका 'बरं'शी! लिफ्ट दुरुस्तीला जातोस, आत कोणी परका माणूस अडकलेला असला की दाराला तोंड लावून त्याच्याशी तासभर गप्पा मारतोस. घरी कोण कोण असतं, जेवलात का, घाबरू नका. लोक मिठाईचे बॉक्स आणून देतात तुला. आणि मी हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी आले, तर तू काय म्हणालास? गिझर दुरुस्त केलाय.

तो : लिफ्टमधल्या माणसाला सांगता येतं, जरा दम धरा, आत्ता दार उघडतो. तुला काय सांगणार होतो?

ती : काही सांगायचं नव्हतं रे. माझ्याबरोबर रडायचं होतं. एकदा.

(तो काचेच्या भांड्यांच्या खोक्याला चिकटपट्टी लावू लागतो.)

ती : जाऊ दे. बंद करायच्या आधी एकदा बघते तिला. भिंतीमागेच असेल. प्रत्येक लढाईत मी आधी तिला भिंतीमागे न्यायचे, मग बाकीच्यांचं बघायचे. या खेळात मेलेलं माणूस परत येत नाही. मला ते पुन्हा सोसलं नसतं. ...ही कोण?

तो : कोण?

ती : ही. भिंतीमागे. उंच आहे, केस वर बांधलेत. आपली कुठे आहे? ती एवढीशी, झगा, दोन वेण्या... अरे, कुठे आहे? मेली? तू तिला पुढे नेलंस? बोल ना!

तो : तीच आहे गं. नाव वाच.

ती : ...चिमणी.

तो : मोठी झाली. लेव्हल वाढत वाढत एका टप्प्याला आली की चित्र बदलतं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी बदललं. तुला सांगायला फोन हातात घेतला होता. मग वाटलं, काय म्हणून सांगू?

ती : पण ती वाढेल कशी? तिने कोणाला चापटसुद्धा मारली नाहीये. मी तिला पुढे जाऊच दिलं नाही. तिची माहिती उघडून बघायचाही धीर झाला नाही मला.

तो : तिला मारावं लागत नाही. कोणाची जखम बरी केली की तेवढी ती वाढते.

ती : कोणाची जखम? आपल्यात सारखं जखमी कोण अस...

(खालून टेम्पोचा हॉर्न. कोणीच उठत नाही.)

ती : म्हणून चिलखत काढायचास.

तो : चिलखत घातलं की फार लागत नाही. मग तिला काही काम उरत नाही.

ती : आणि मी तुला गाढव म्हणायचे.

तो : म्हण की. तू दुकानात गेलीस की माझी चाल. पुढे जाऊन उभा राहायचो, खायचा तेवढा मार खायचो, परत भिंतीपाशी यायचो. मग ती काठी उचलायची. तू तिला भिंतीमागे ठेवायचीस ते बरंच होतं. तिला ओरखडासुद्धा आला नाही कधी. मला फक्त... मोठी झाल्यावर कशी दिसते, ते बघायचं होतं.

ती : आणि?

तो : खेळातलं चित्र आहे ते. ना तुझ्यावर गेलीय, ना माझ्यावर. तरी बघत बसलो. कामाचे कपडेही बदलले नव्हते. रडलो मग.

ती : कोणापाशी?

तो : टीव्हीपाशी.

ती : मला का नाही रे सांगितलंस? मी तिला लपवत होते, तू तिला वाढवत होतास. एकाच घरात. आणि भांडत काय होतो, तर चिलखतावरून!

तो : फार उशीर झाला का?

ती : ...हो. झाला. तिच्यासाठी ठेवलेल्या त्या लहान खोलीच्या दारावरून मला अजून जाववत नाही. इथे राहिले तर मी संपून जाईन. खरंच सांगते.

तो : माहीत आहे. विचारलं आपलं.

ती : खाली दादा खोळंबलाय.

तो : थांब, सेव्ह करून नीट बंद करतो. ...हं. झालं. टॉवेल दे.

ती : तू ठेव हे. मोठी तू केलीस तिला.

तो : नको. माझ्याकडे राहिलं तर एक दिवस मी ड्रॅगनला मारून बसेन, आणि खेळच संपेल. तू ने. शेवटच्या लढाईची घाई करू नकोस. तो थांबतो. जुनी मैदानं उघडी आहेत, तिथे खेळ.

ती : मला फक्त लपवता येतं. वाढवायचं कसं, ते सांग.

तो : सोपं आहे. बोक्याला पुढे उभा कर. चिलखत घालू नकोस, कितीही जिवावर आलं तरी. मार खाऊ दे त्याला. मग मागे आण.

ती : आणि मेला तर?

तो : नाही मरत. सवय आहे त्याला. फक्त तिच्यापासून मैदानातल्या दोन चौकोनांपेक्षा लांब ठेवू नकोस. त्याहून लांब तिचा हात पोचत नाही.