येणारा पाच, जाणारा एक

डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलेल्या शिंपीकाकांना डोळे मिटून ठेवायची सक्त ताकीद होती. कानांबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. शेजारी दोन बहिणी बसल्या होत्या.

"ताई, सुनेचे उपकार मानावेत तेवढे थोडे."

"सुनेचे? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"अगं, ह्यांचे दिवसभर व्हिडिओ. तिच्या ऑफिसच्या मीटिंगा अडकायच्या. मग तिनं नेटच्या वायरी जोडतात त्या डब्यात, स्विचमध्ये, ह्यांच्या वायरीपुरता स्पीड बांधून टाकला. येणारा पाच, जाणारा एक."

"जाणारा म्हणजे?"

"आपल्याकडून बाहेर जातं ते."

"ते तुझ्या नवऱ्याचं लग्नापासूनच कमी आहे!"

"तेच सांगतेय. आता व्हिडिओ अडकून गोल फिरायला लागला की हे माझ्याकडे वळतात. काल विचारलं, गुडघा कसा आहे. दोन वर्षांनी!"

"मग झालं की."

"कसलं! रविवारी मुलगा दौऱ्यावरून येतोय. बाबांचा स्पीड वाढवतो म्हणतो. मी सुनेला हात जोडले, बाई, पाचच राहू दे."

"मग?"

"तिनं लॅपटॉप उघडला. म्हणाली, आई, मी पाच ठेवला होता. इथे तीन दिसतोय."

"तीन कोणी केला?"

"स्विच ह्यांनीच बसवलाय. पासवर्ड तिला आणि ह्यांनाच ठाऊक."

मग नर्सचा आवाज आला.

"काका, थेंब बाहेर येतायत. परत घालावे लागतील हं."

"घाला," शिंपीकाका म्हणाले. "मला काही घाई नाही."