स्टेजखालची तुळई

आमी मूळचे हर्णैचे, सुतार. बाबा होड्या बांधायचे, बंदराच्या अलीकडे आमची शेड होती, नि मी आठवी सुटली तसा त्यांच्या हाताखाली लागलो. फळी घ्यायची, बोटाच्या पेरानं ठोकायची, आवाज ऐकायचा, बद्द वाजली की बाजूला. बाबा बोलायचे, दत्ताराम, समुद्रात माणसं जायची आहेत हिच्यावर बसून. मग फायबरच्या होड्या आल्या, लाकडाला कोण विचारतोय, नि मी आलो रत्नागिरीला, विद्यापीठाच्या नाट्यगृहात, आधी हंगामी, मग कायम. सत्तावीस वर्षं झाली. महाल बांधलेत, देवळं बांधलीत, तुरुंग बांधलेत, सगळं पुढून. मागून बघाल तर खिळे नि गोणपाट.

बसा ना, उभे काय राहिलात. त्या लेव्हलवर बसा, त्या लाकडी चौथऱ्यावर, ती पक्की आहे.

तर काय सांगू तुमाला, दरवर्षी हंगामाची पत्रिका निघते. गणपती झाल्यापासून शिमग्यापर्यंत कुठली नाटकं होणार ती त्यात. यंदा पाच. दोन गद्य, एक पोरांचं, एक जुन्या वळणाचं संगीत नाटक नि शेवटी नाटक बसवायला आलेल्या मॅडमचं नवीन, नाचगाण्याचं, चाळीस पोरं स्टेजवर. रंगीत पत्रिका, गुळगुळीत कागद. नि ती माझ्या हातात कधी आली, तर चहावाल्यानं भजी बांधून दिली तिच्यात तेव्हा. मी तिथंच उभ्यानं वाचली. महालाचं नाटक शनिवारी संपतंय नि सोमवारी स्टेशनचं नाटक सुरू. मी सरांकडे गेलो, आमच्या विभागाचे प्रमुख, माणूस वाईट नाय हो, पण सही सोडून दुसरं काय करायचं झालं की त्यांना घाम फुटतो. बोललो, सर, एका रविवारात महाल पाडून स्टेशन कसं उभं करू? तर बोलले, दत्ताराम, तुम्ही करता हो. हे असं. सत्तावीस वर्षं हेच ऐकतोय, तुम्ही करता हो. नि मी मेला करतो, हीच माझी चूक.

मॅडमना होडी पायजे होती. खरीखुरी, दहा-बारा पोरं आत उभी राहून गाणार, अशी. मॅडम पुण्याच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, समुद्र सुट्टीत बघितलेला. पयल्या दिवशी कागदावर काढून आणली ती होडी, काय सांगू, आंघोळीचं घंगाळ बरं. मी बोललो, मॅडम, ही पाण्यात टाकली तर उलटेल. त्या बोलल्या, दत्ताराम, पाण्यात टाकायची नाहीये. बरोबर आहे म्हणा. तरी मी माझीच बांधली.

ती स्टेजवर चढवली आमी सहा जणांनी नि खाली ठेवताना आवाज आला. बद्द. होडीचा नाय, स्टेजचा. मी गुडघ्यावर बसलो, ठोकत ठोकत गेलो, मधला सगळा भाग तसाच. गेलो सरांकडे, बोललो, खाली वाळवी लागलीय, तुळया बघायला पायजेत. सर बोलले, हंगाम होऊ दे. मी बोललो, हंगामच तर त्यांच्यावर उभा राहणाराय. बोलले, लेखी द्या. दिलं. मुलीकडून टाईप करून दिलं, दोनदा दिलं. उत्तर नाय. तिसऱ्यांदा गेलो तर कारकून बोलला, कुठला अर्ज?

मंगळवारी सकाळी तालीम होती. मी खाली शिरलेलो बॅटरी घेऊन, नि वरती पोरं नाचायला लागली, चाळीस जणं एकदम पाय आपटतायत नि माझ्या डोक्यावर भुसा पडतोय. मधली तुळई वाकताना दिसली हो मला. कसा बाहेर आलो ते माझं मला ठाऊक नाय. वर येऊन ओरडलो, उतरा सगळी खाली! पेटी थांबली. मॅडम भडकल्या, दत्ताराम, आत्ता कुठं लय बसत होती, काय चाललंय तुमचं? पोरं हसायला लागली. कोण उतरेना. होडीच्या पुढच्या टोकाला पूर्वा उभी होती, पावस गावची पोर, गळा गोड आहे तिचा, तिच्या तोंडातलं गाणं अर्धं राहिलेलं. मी तिला बोललो, बाय माझे, तू तरी उतर. तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या डोक्याखांद्यावर सगळा भुसा. ती उतरली, नि ती उतरली तशी एकेक करून बाकीची.

मग मी पहार आणली. सर धावत आले, अहो थांबा, सरकारी मालमत्ता आहे. मी फळी उचकटली नि तुळईत हात घातला. सरळ आत गेला हो, मनगटापर्यंत, नि मूठ भरून भुगा काढला, सरांच्या समोर धरला. मॅडम मटकन पहिल्या रांगेत बसल्या.

आता पुढचं ऐका. गुरुवारी मला दोन कागद आले, एकाच पाकिटातून. एकात मेमो, परवानगीशिवाय रंगमंचाची मोडतोड केल्याबद्दल खुलासा करावा. दुसऱ्यात आदेश, रंगमंच तातडीनं दुरुस्त करावा. सही एकच. डोकं फोडून घ्यायचं बाकी राहिलं होतं.

पण मॅडम आल्या दुसऱ्या दिवशी. बोलल्या, मला खाली नेऊन दाखवा. एवढ्या त्या भुशात गुडघ्यावर रांगत आल्या, हात लावून लावून बघितलं. मग हळूच बोलल्या, मला वाटलं तुम्हाला माझं नाटकच नकोय. मी बोललो, मॅडम, डोकं सांभाळा, वर खिळा आहे.

तर आता असं चाललंय. महालाचं नाटक पुढं गेलं, पत्रिका नवीन छापली, तिच्यात पण दोन तारखा चुकल्यात, ते मी सांगणार नाय. संगीत नाटकाची तालीम कॅन्टीनच्या पत्र्याखाली, तिकडून गाणी येतात नि मधेच मिसळीची ऑर्डर. ऐनाच्या लाकडाच्या तुळया आणल्यात, सहा बसल्या, पाच राहिल्यात. एकेक ठोकून घेतलीय. सर मगाशी डोकावून विचारून गेले, शुक्रवारपर्यंत होईल ना, तुम्ही करता हो. मी बोललो, नाय होणार. पयल्यांदाच बोललो. ते गेले निघून.

होईल तेव्हा होईल. मेमोचं काय ते बघू, दोन वर्षं राहिलीत माझ्या नोकरीची. पोरं तेवढी सुखरूप राहू देत, नाचू देत पायजे तेवढी, नि पाय आपटताना खाली काय आहे ते त्यांच्या मनात पण येऊ नये.