पाटीवर नाव ह्यांचं

मी मूळची सांगलीची, वडिलांचं भांड्यांचं दुकान, पायरी उतरलेलं गिऱ्हाईक परत कसं वळवायचं ते मी तिथंच शिकले आणि त्याच तोंडाच्या जोरावर इथं परदेशात, हेन्डरसनमध्ये पोळी-भाजीच्या डब्यांचा धंदा उभा केला, काय सांगू तुम्हाला, नवरा गोदामात नोकरीला, इकडे बटाट्याच्या पोत्यापासून जुन्या फ्रिजपर्यंत सगळ्याचा भाव मीच पाडला. पण दुकान उघडायच्या दिवशी सासूबाई फोनवर म्हणाल्या, कष्ट तू कर गं, पाटीवर नाव मात्र त्याचंच शोभतं. मुहूर्तालाच वाद नको म्हणून सगळं ह्यांच्या नावावर केलं. मला पगार कशाला, मी तर मालकीण.

पोळ्या लाटायला नंदाला ठेवलं. तिची मुलगी आणि माझी अन्वी एकाच वयाच्या, दीड वर्षाच्या. नंदाचा नवरा बेकरीत, ती माझ्याकडे, दोघंही कामावर, म्हणून तिच्या मुलीच्या डे-केअरला सरकारची मदत मिळाली, तीही दिवसभराची. मग मीही गेले. सरकारी ऑफिसातली बाई ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करत गोड बोलली, पण म्हणाली, नवरा-बायको दोघंही नोकरीत किंवा धंद्यात हवेत, कागदावर तुम्ही तर घरीच असता, तुम्हाला थोडेच तास मिळतील. मी घरी? मी भडकले, निम्मे तरी द्या म्हणून घासाघीस केली. तिथं भाव होत नाही हो. आणि नंदा कामावर आहे याची खात्री त्यांना फोनवर मीच दिली होती.

रोज नंदा मोकळ्या हातांनी यायची, माझी अन्वी कणकेच्या डब्यांमागे रडायची. नंदा सांगायची, आज पिल्लूला नवे टॉग्ज, पोहायचे कपडे हो, घेतले, पाण्यात खेळवणार आहेत. माझा नुसता जळफळाट, मग मी तिच्या पोळ्यांना नावं ठेवायचे. एक दिवस तिनं लाटणं खाली ठेवलं.

“वहिनी, मला कामावर ठेवलंत, तसं स्वतःलाही ठेवा की.”

त्या रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, मला नोकरीवर घ्या. हे हसले. मी हसले नाही, पगार ठरेपर्यंत आमटी वाढली नाही. नवऱ्यानं बायकोला पगार द्यायचा तर इथं आधी कर खात्याची परवानगी लागते, ती काढली आणि अन्वीला डे-केअरमध्ये जागा मिळाली.

आता दोघी मुली शाळेत जातात. कागदावर मी अजून ह्यांची नोकरच. नंदा दुसऱ्या शहरात, रोटोटुनाला गेली, तिनं स्वतःचे डबे सुरू केले, पाटीवर पहिल्या दिवसापासून तिचं नाव. फोटो पाठवला होता. होऊ दे तिचं भलं, देव तिला खूप देवो. अक्षरं जरा लहान चालली असती.