अर्ध्या पुस्तकाचा हुंकारा

सालेहा : रायभानबाबा, पुस्तकाचे दात बघताय का? उलटंपालटं करून झालं, वास घेऊन झाला, कानाशी हलवून झालं. आता ठेवा ते खाली.

रायभान : मॅडम, मेंढा घेताना आपुन काय करतो? दात बघतो, पाठीवर थाप मारतो, चार पावलं चालवून बघतो. मंग पुस्तक घेताना बघू नये असं कुठं लिव्हलंय?

सालेहा : पण विकत कुठं घेताय? सहावीत येणाऱ्या प्रत्येक पोरानं सुट्टीत वाचायला एक पुस्तक न्यायचं, जूनमध्ये आणून द्यायचं. बाकीची पोरं सकाळीच घेऊन गेली. तुमच्या नातीला का नाही आणलं? शालूचं शालूनं निवडलं असतं.

रायभान : शालू तळावर हाय, बापापाशी. वडीगोद्रीच्या अंगाला एका बागाईतदाराच्या रानात मेंढ्या बसवून राह्यलो आम्ही, खताला. उन्हाळाभर तिकडंच मुक्काम.

सालेहा : मग मीच निवडते. हे घ्या, सामान्यज्ञान. सगळ्यात लांब नदी, सगळ्यात उंच डोंगर, सगळं आहे यात.

रायभान : ते न्हाई चालायचं. गेल्या साली आमच्या एका शेळीनं शालूचा भूगोल खाल्ला. तवापासून पाऊस यायचा असला की ढग जिकडून येणार तिकडं तोंड करून उभी राहती. वाडीतले लोक तिला इचारून पेरतेत. आता तिनं हे सारं जग खाल्लं, तर दावं तोडून रशियाला निघून जाईल. दूध कोण देणार मंग?

सालेहा : बाबा, मला दुपारच्या गाडीनं परतूरला जायचंय. हसवत बसू नका. हे बघा, बोधकथा. लहान लहान, अक्षर मोठं.

रायभान : शेवटी तात्पर्य असतंय?

सालेहा : असतं ना.

रायभान : मंग राहू द्या. तात्पर्य आलं की बिभीषण घोरतो.

सालेहा : बिभीषण म्हणजे शालूचे वडील? थांबा, पुस्तक नेमकं कुणासाठी चाललंय?

रायभान : वाचणार शालूच. पर पुस्तक पाहिजे तिच्या बापाजोगं. त्याच्यासाठीच तर एवढ्या उन्हात आलो.

सालेहा : मला काही समजलं नाही.

रायभान : शालू तुमच्या शाळेत येणार असं तुमी धरून बसलात ना?

सालेहा : न यायला काय झालं? तुमच्या वाडीच्या मॅडम तर तिचं कौतुक करताना थकत नाहीत.

रायभान : वाडीची शाळा पाचवीवर खुंटली. अन् बिभीषण म्हणतो, लिव्हायला-वाचायला आलं, बस झालं. आता मेंढ्यांमागं माणूस पाहिजे. मी भांडलो. सून भांडली. त्यो गप. मॅडम, भांडणाऱ्याला जिंकता येतंय. गप बसणाऱ्याला कुठून धरावं?

सालेहा : मी येते तळावर. समजावून सांगते.

रायभान : बिलकुल येऊ नका. शिकलेलं माणूस दिसलं की त्यो उठून कुत्र्यांना भाकर टाकाया जातो. मागं एक साहेब आल्ते समजवायला. ते जाईस्तोवर कुत्रे इतके फुगले, की लांडगा त्यांना मेंढरं समजून उचलाया आल्ता.

सालेहा : मग करायचं काय?

रायभान : त्याचं एकच दावं माझ्या हातात हाय. हुंकारा.

सालेहा : गोष्ट ऐकताना 'हूं, हूं' करतात तोच ना? माझी नानी पण हुंकारी भरायला लावायची. हूं थांबलं की गोष्ट थांबली.

रायभान : बराबर. अन् आमच्या तळावर त्याच्या पुढचा नियम हाय. हुंकारा दिलेली गोष्ट अर्धी सोडायची न्हाई. सोडली तर कळप बसत न्हाई. रातभर नुसती उठबस.

सालेहा : खरं की काय?

रायभान : नियम खरा हाय. मीच केलाय. बिभीषण लहान असताना माझी गोष्ट अर्धी टाकून कुत्र्यांमागं पळायचा, तवा केला. आज पोरीचा बाप झाला तरी पाळतो.

सालेहा : तोबा! म्हणजे पोराला एवढी वर्षं...

रायभान : आता ऐका. मला पुस्तक असं पाहिजे, की सुरू तळावर व्हावं अन् संपावं तुमच्या कपाटात.

सालेहा : दोन भागांचं? तसं एकही नाही शाळेत. एक मिनिट हां. खालच्या फळीवर एक आहे. जालन्याला बांधायला द्यायचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. शिवण उसवून मधोमध दोन तुकडे झालेत बिचाऱ्याचे.

रायभान : काय हाय त्यात?

सालेहा : एका उंटवाल्याची पोरगी. तिची पांढरी उंटीण रातोरात नाहीशी होते. पोरगी एकटी पावलांचा माग काढत निघते.

रायभान : हूं.

सालेहा : वाळू, वादळ, पाण्याची मारामार. पावलं काही सुटत नाहीत. एका ओसाड गावात शिरतात.

रायभान : हूं.

सालेहा : गावात एक विहीर. पावलं विहिरीच्या काठापर्यंत गेलेली. परत आलेलं एकही पाऊल नाही. पोरगी आत वाकून बघते आणि...

रायभान : हूं?

सालेहा : आणि शिवण उसवली ती इथंच.

रायभान : असं कसं? पुढं?

सालेहा : पुढचं कपाटात.

रायभान : मला तर सांगा. मी कुणाला सांगत न्हाई.

सालेहा : तुम्ही? बाबा, तुमच्या पोटात तर ताकसुद्धा राहत नसेल.

रायभान : पर उंट विहिरीत उतरतच न्हाई. मला म्हैती हाय. आमच्या आज्याचा उंट होता. मान एवढी लांब, की इथं आष्टीत उभा राहून परतूरच्या बाजारातला पाला खायचा. पालेवाला शिव्या देत इथवर येईस्तोवर ह्याचा रवंथ बी उरकलेला असायचा.

सालेहा : तुमच्या आज्याचा उंट तुम्हालाच लखलाभ. पुढचा तुकडा सहावीच्या पोराशिवाय कुणाला मिळणार नाही. पण बाबा, एक धाकधूक आहे. बिभीषणभाऊंना डाव कळला तर?

रायभान : कसा कळंल? मी एवढंच सांगणार, पुस्तक खरंच फाटलंय. खरं बोलायला मला जड जाईल, पर पोरीसाठी बोलंन.

सालेहा : आणि तरीही ते नाहीच आले तर? माझं पुस्तकही अर्धं राहील आणि पोरगीही.

रायभान : मंग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. तवर ह्यो तुकडा फडक्यात बांधून द्या. शेळीनं तिकडून वास घेतलाय त्याचा.

(जून. शाळा उघडून बरेच दिवस झालेत. सालेहा मॅडम कपाट लावताहेत. दारात एक उंच माणूस, चपला बाहेर काढलेल्या, काखेत फडक्यातलं पुस्तक.)

बिभीषण : सालेहा मॅडम तुमीच का?

सालेहा : हां, मीच. आपण?

बिभीषण : बिभीषण. शालूचा बाप. हे तुमचं पुस्तक.

सालेहा : अच्छा. परत द्यायला आलात. शालू नाही आली?

बिभीषण : पानं बघून घ्या.

सालेहा : पानं असतील सगळी. बिभीषणभाऊ, पोरं भराभरा हजेरी देतात आणि मी रोज शालूच्या नावाशी थांबते. दाराकडे बघते. मग मी पुढे जाते.

बिभीषण : दुसरं द्या.

सालेहा : दुसरं पुस्तक?

बिभीषण : दुसरं अर्धं.

सालेहा : ते नाही देता येणार. सहावीत जो शिकतो त्यालाच मिळतं ते.

बिभीषण : हां. असंच म्हणाल, ते ठाऊक होतं.

सालेहा : बाबांनी सांगितलं वाटतं.

बिभीषण : न्हाई. बाबा म्हणला, 'पुस्तक खरंच फाटलंय.' मॅडम, माझा बाप कशालाच 'खरंच' लावीत न्हाई. आज्याचा उंट परतूरचा पाला खायचा, ते बी नुसतं सांगतो, 'खरंच' न्हाई म्हणत. तवाच वळखलं, काहीतरी शिजून राह्यलंय.

सालेहा : या अल्ला. आणि ते अर्ध्या गोष्टीचं? कळप बसत नाही ते?

बिभीषण : ती थाप तर मिसरूड फुटायच्या आधीच वळखली. मेंढरं काय गोष्ट ऐकतेत?

सालेहा : मग इतकी वर्षं पाळत का राहिलात?

बिभीषण : बापानं एवढ्या हौसेनं रचलेली. मोडून काय मिळणार होतं?

सालेहा : चूक माझीपण आहे. मी पुस्तक द्यायला नको होतं. तुम्ही रागावला असाल.

बिभीषण : ऐका. मला जास्ती बोलता येत न्हाई, एकदाच सांगतो. भाकरी झाल्या की शालू वाचायला बसायची. पहिल्या दिवशी आमचंच घर होतं. मंग शेजारच्या तळावरचा रखमाजी आल्ता, त्याची बायको चतुराबाई आल्ती. पुढं पुढं तर बागाईतदार बी खाट डोक्यावर घेऊन यायला लागला. पावलं विहिरीपाशी आली की संपलं. मंग परत पहिल्यापासून. बाबा रोज नवा शेवट लावायचा. एकदा उंटीण विहिरीतून पोहत गोदावरीला निघाली. एकदा तिला पंख फुटले. लोक पोट धरून हसायचे.

सालेहा : आणि शालू?

बिभीषण : ती न्हाई हसायची. एक दिवस आज्याला म्हणली, 'आबा, तुमचं झालं का? पुस्तकात काय लिव्हलंय ते मी शाळेतून आणून सांगते.' शाळेतून आणून. मला इचारलं बी न्हाई, जाऊ का म्हणून. तिच्या मनानं ती कवाच जाऊन बसली होती.

सालेहा : तुम्ही काय म्हणालात?

बिभीषण : मी हुंकारा देऊन राह्यलो होतो ना, वाचनाच्या नादात. ती म्हणली, शाळेतून आणते. मी म्हणलो, हूं.

सालेहा : अच्छा!

बिभीषण : सवयीनं निघून गेलं तोंडातून. मंग ध्यानात आलं, काय म्हणलो ते. सगळे माझ्याकडं बघून राह्यले होते. रखमाजी तर हातच जोडून बसला, हसू दाबत.

सालेहा : पण भाऊ, तो नियम तर थाप आहे. तुम्हाला माहीत आहे.

बिभीषण : थाप बाबाची हाय. हूं माझं होतं.

सालेहा : मग शालू कुठं आहे?

बिभीषण : नळावर. पाय धुवून राह्यली. म्हणती, धुळीच्या पायानं सहावीत जायचं न्हाई.

सालेहा : अहो भाऊ! हे आधी सांगायचं ना! माझ्या जिवाचं पाणी झालं इथं. पहिलाच प्रश्न मी तोच विचारला होता, शालू नाही आली म्हणून.

बिभीषण : उसनी वस्तू आधी द्यावी म्हणलं. मंग बाकीचं.

सालेहा : बसा, बसा त्या बाकावर. पाणी घ्या. मीपण घेते. शुक्र आहे. आणि मेंढ्यांमागं माणूस पाहिजे होतं, त्याचं काय केलंत?

बिभीषण : रखमाजीचा अन् आमचा कळप एकत्र केला. पाळीनं राखतो. त्यापायीच एवढे दिवस लागले. चतुराबाईची अट हाय एक. शेवट तिला बी ऐकायचा.

रायभान : (दारातून आत येत) मॅडम! आलो का न्हाई? काय म्हणलो होतो मी? अशी गळ टाकली, असा मासा...

बिभीषण : बाबा, मासा इथं बाकावर बसलाय.

रायभान : हां. म्हणजे मी काय म्हणत होतो, पुस्तक खरंच फाटलं होतं.

बिभीषण : हां बाबा. खरंच.

सालेहा : आता शालूची हजेरी मांडते मी पटावर. वाचनाचा तास शनिवारी असतो. त्या दिवशी पुढचा तुकडा तिच्या दप्तरातून घरी येईल.

रायभान : शनवारी? मॅडम, माझं वय बघा. माझ्यासारख्या पिकल्या पानाला शनवार म्हणजे लई लांब. यम दारात येऊन उभा राहिला तर त्याला काय सांगू, उंटिणीचं कळायचंय, बस जरा?

सालेहा : सांगा की. तोही हुंकारा देत बसेल.

बिभीषण : मॅडम, एकच सांगा. उंटीण जित्ती हाय ना?

सालेहा : नाही सांगणार, बिभीषणभाऊ. तुम्हालापण नाही. शनिवारी शालू सांगेल.

रायभान : तवर मी सांगतो की. झालं काय, त्या विहिरीच्या तळाला एक दार होतं. अन् त्या दाराशी आमचा आजा...

बिभीषण : बाबा.

रायभान : काय?

बिभीषण : आता पोरगी सांगणार.

रायभान : अन् मंग मी काय करायचं?

बिभीषण : तुमी हुंकारा द्यायचा.

रायभान : हूं.