खाणीच्या पाण्यातला वेताळ

दि. २२ नोव्हेंबर १९९३

मी, श्रीमती देवकी गोकुळदास मळीक, वय ४८ वर्षे, धंदा घरकाम व शेती, राहणार सर्वण, तालुका डिचोली, गोवा.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे दीर बाबली मळीक एकाच घरात वेगळ्या चुली मांडून राहतो. माझे पती हयात नाहीत. देव्हाऱ्यातील मूर्ती मी चोरून विकली, अशी दिरांची तक्रार आहे. ती खोटी आहे.

मूर्ती वीतभर उंच, काळपट ब्राँझची. नागवा पुरुष, एक पाय उचललेला, डोक्यावर टोपी, पायांत पंख लावलेल्या वहाणा. माझे सासरे पेडण्यात एका पोर्तुगीज अधिकाऱ्याकडे स्वयंपाकी होते. पोर्तुगीज गेले तेव्हा मडमेने ती त्यांना दिली. नागवा देव आणि पायांत वहाणा, म्हणजे हा वेताळच, असे सासूबाईंनी ठरवले. वेताळ रात्रीचा गाव राखत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात. म्हणून दरवर्षी आम्ही त्याच्यापुढे चामड्याच्या नव्या वहाणा ठेवतो. बोटाएवढ्या वहाणा शिवताना चांभार हसतो, पण शिवून देतो.

माझा एकुलता मुलगा साईश, वय २३, खाणीवर टिपर चालवत होता. गेल्या श्रावणात टिपर घसरून जुन्या खड्ड्याच्या पाण्यात गेला. पावसाने उघडीप दिल्यावर क्रेन आणून टिपर वर काढला. साईश मिळाला नाही. टिपर धुऊन पुन्हा कामाला लागला. खड्डा उपसा म्हणून मी खाणीच्या ऑफिसात जात राहिले. "एवढें उदक उपसूंक जमचें ना, मांय," असे मॅनेजर म्हणत. चहा देत. त्यांचा मला राग येतो. रडू मात्र येत नाही.

दिवाळी झाल्यावर दिरांनी पणजीहून एक जाणकार गृहस्थ आणले. ते म्हणाले, हा वेताळ नव्हे. इटलीत चारशे वर्षांपूर्वी ओतलेला रोमन लोकांचा देव आहे, निरोप पोचवणारा आणि मेलेल्यांना वाट दाखवणारा. अशी वस्तू हरवली तर सरकार पाताळ धुंडाळील, असेही म्हणाले. दीर खूश झाले. मी दोघांना जेवायला वाढले.

दुसऱ्या दिवशी दीर बाजारात गेल्यावर मी मूर्ती पदराखाली घेऊन खड्ड्यावर गेले व साईश गेला त्या जागी पाण्यात सोडली. सोबत कोणी नव्हते. संध्याकाळी दिरांनी विचारले, "वयनी, देव खंय गेलो?" मी म्हटले, "साईशाक सोदूक धाडलो." मूर्ती मोलाची आहे हे मला तेव्हा ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच नेली.

मूर्ती काढायला खड्ड्याला पंप लावणार, असे पोलीस साहेबांनी मला आता सांगितले. जागा मी दाखवते. मूर्ती दिरांनी न्यावी, सरकारने न्यावी, माझी हरकत नाही. मूर्ती आधी सापडली तर पंप बंद करू नये, एवढे लिहून घ्यावे.

हा जबाब मला वाचून दाखवला व कोकणीतही समजावला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. पंपाची ओळ मी स्वतः वाचून पाहिली. ती बरोबर आहे.