डिस्क बदलेपर्यंत

मंडळी, बसा. मागे कोणी उभं असेल तर पुढे या, इथे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. घोडबंदरहून येणारी मंडळी अजून ट्रॅफिकमध्येच अडकलीत म्हणे. येतील. श्रीधर असता तर म्हणाला असता, "सिनेमाच्या पाट्या संपेपर्यंत थांबू, मग सुरू करू." पण तो नाही. आणि मला बोलायला उभं केलंय. मी बँकेत आयुष्य काढलं, सभेत बोलणारा माणूस नव्हे. तेव्हा सांभाळून घ्या.

श्रीधरची व्हिडिओ लायब्ररी डोंबिवलीत कोणाला माहीत नव्हती? आज इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी शनिवारी तिथे रांग लावलीय. दुकान बंद झालं, लोक मोबाइलवर सिनेमे बघायला लागले, तरी हा पठ्ठ्या थांबला नाही. सगळ्या डिस्क घरी आणल्या, हॉलमध्ये कपाटं लावली आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना सिनेमे देत राहिला.

पण नियम तोच. काय नियम? बोला की! मत दिल्याशिवाय दुसरा सिनेमा नाही! डिस्क परत करायला गेलात की चष्म्यावरून बघायचा. "कसा वाटला?" आपण म्हणायचं, "बरा होता." झालं! "बरा म्हणजे काय? बरा ताप होतो. नीट सांग." मागे रांग खोळंबलेली, आणि आपण तिथे उभं राहून नायिकेनं माहेरी जायला हवं होतं की नको, हे सांगतोय. चिडायचो आम्ही. पण घरून येताना वाक्य जुळवत यायचो, हेही खरं.

आणि डिस्क पुसायची कशी? मधून कडेकडे, सरळ. कोणी गोल गोल पुसली की ओरडायचा, "अरे, भाकरी थापतोयस का?"

आमचं दोघांचं भांडण एकच. मी डीव्हीडीवाला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, एका डिस्कवर अख्खा सिनेमा. ब्लू-रे आली तेव्हा तर मी हरखून गेलेलो. हा म्हणाला, "इतकं स्वच्छ कशाला? खलनायकाच्या दाढीचे खुंट मोजायचेत?" त्याचा जीव जुन्या व्हीसीडीवर. अरे, अंधाराचा प्रसंग आला की पडद्यावर नुसतं कोळशाचं पोतं! वर अर्धा सिनेमा झाला की उठा, डिस्क बदला. मी म्हणायचो, श्रीधर, ही काय कटकट? तो म्हणायचा, "तेवढ्यासाठीच तर देतो. अर्ध्यात उठलं की माणसं एकमेकांकडे बघतात."

हे तो नुसतं बोलायचा नाही. एकदा माझ्या बदलीवरून आमच्या घरी अबोला धरलेला. ही एका टोकाला, मी दुसऱ्या. मी दुकानात गेलेलो, काहीएक बोललो नाही. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, डीव्हीडी आत ठेवली आणि त्याच सिनेमाची व्हीसीडी हातात दिली. चरफडत घरी आलो. पहिली डिस्क संपली. मी उठलो. ही म्हणाली, "चहा टाकू?" दुसरी डिस्क त्या दिवशी लागलीच नाही, आम्ही बोलतच बसलो. परत करायला गेलो तर विचारतो, "शेवट कसा वाटला?" लबाड कुठला!

दुकानातली त्याची मतंही अर्धी त्याची नसायची. "आमच्या हिचं म्हणणं असं," अशीच सुरुवात. आधी घरी नलूवहिनींबरोबर बघायचा, मधे डिस्क बदलताना त्यांना विचारायचा, आता पुढे काय होईल सांग. आणि त्या सांगायच्या. भरभरून सांगायच्या.

त्या नलूवहिनी इथे समोर बसल्यात. वहिनी, रागावू नका, पण बोलतो. श्रीधर गेल्यापासून तुम्ही एका शब्दापुढे गेला नाहीत. जेवलात का? हो. झोप लागली? नाही. तुमची लेक पल्लवी रडत होती फोनवर. "काका, आईला काहीही विचारा, हो नाहीतर नाही. बाबा गेले आणि आईही कुठेतरी निघून गेलीय असं वाटतं." आम्ही सगळे घाबरलोय, वहिनी. एक माणूस गेलं ते गेलं. दुसरंही असं हातातून जाऊ द्यायचं का?

त्यानं मला शेवटी दिला तो रहस्यपट. व्हीसीडीच, अर्थात. मुद्दाम! त्या संध्याकाळी पहिली डिस्क संपली, मी बदलायला उठलो आणि पल्लवीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. दुसरी डिस्क तशीच राहिली. ही बघा, खिशात घेऊन फिरतोय. लावायचा धीर होत नाही. सिनेमा संपला की मत द्यायचं कोणाला?

वहिनी, आज तुम्हालाच देतो. पहिली डिस्क पाहिली. बरी होती.

काय म्हणालात?

अरे, गप्प बसा रे मागे! वहिनी, पुन्हा एकदा.

मंडळी, ऐकलंत? मागे आलं नसेल, मी सांगतो. वहिनी म्हणतात, "बरी म्हणजे काय, भावोजी? नीट सांगा."

थांबा. मला जरा पाणी द्या.

नीट सांगतो, वहिनी. उद्या संध्याकाळी हिला घेऊन घरी येतो. दुसरी डिस्क तुमच्यासमोर लावू. खून कोणी केला ते मात्र आधी सांगू नका, तुम्हाला ठाऊक असणार.

आता सगळे उभे राहूया. पहिली डिस्क काढून दुसरी लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ शांत राहू. श्रीधर, तेवढ्या वेळात तू कोणाला गप्प बसू द्यायचा नाहीस, माहीत आहे. आज चालवून घे रे.