पाठीमागे उभे राहू नये

आदरणीय अध्यक्ष आप्पासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती विजयमालाबाई, आणि भाषणं आवरून अल्पोपाहार कधी, या चिंतेत बसलेल्या सहकारी बंधुभगिनींनो,

मंडळाचा संगणकप्रमुख या नात्याने चार शब्द बोलतो.

अठ्ठ्याण्णव साली आपल्या परीक्षा मंडळाच्या प्रश्नपत्रिका सीडीवर येऊ लागल्या. सांकेतिक लिपीत, कुलूपबंद. कुलूप विकणारे गृहस्थ म्हणाले, "आता चोरी अशक्य." मुद्रितं तपासणाऱ्या विजयमालाबाईंनी विचारलं, "कुलूप उघडल्यावर पेपर मला वाचता येणार ना?"

"अर्थात."

"मग माझ्या मागे उभा असेल त्यालाही येईल."

गृहस्थांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खुर्चीमागे पाटी लागली: 'पाठीमागे उभे राहू नये. कारण विचारू नये.' जेवायला उठतानाही बाई पेपर बंद करायच्या, संगणकाची कचरापेटी रिकामी झाल्याची खात्री करायच्या, आणि मगच हात धुवायच्या.

आता मुद्दा. त्या वर्षी माझी मुलगी अपेक्षा मंडळाच्याच परीक्षेला बसली होती. गणित कच्चं. बापाचं मन कसं असतं, हे मी का सांगायला हवं? मी बाईंच्या खोलीत गेलो. "मशीन तपासायचंय," म्हणालो. गणिताचा पेपर उघडा होता आणि माझ्या खिशात कोरी फ्लॉपी होती.

बाईंनी आधी स्क्रीन बंद केला, मग वळून माझ्या खिशाकडे पाहिलं. "साहेब, मशीन ठणठणीत आहे. फ्लॉपी इथे ठेवा. घरी जा आणि पोरीला गणितं सोडवायला बसवा."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी त्या मशीनचा फ्लॉपी ड्राइव्हच काढून टाकला. वार्षिक अहवालात त्याला 'दूरदर्शी सुरक्षा उपाय' म्हटलं आहे. आप्पासाहेबांनी त्याबद्दल मला शाल दिली होती. आप्पासाहेब, शाल आज परत आणली आहे.

अपेक्षाला गणितात अडतीस गुण मिळाले. तिचे स्वतःचे. ती समोरच बसली आहे. तिलाही हे आत्ताच कळतंय.

सात वर्षांत बाई कुणाजवळ बोलल्या नाहीत. रोज मला नमस्कार मात्र करायच्या, आणि तो घेताना मला लाज वाटायची. काल कार्यभार सोपवताना त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला आणि माझी फ्लॉपी माझ्या हातात दिली. वर चिठ्ठी चिकटवलेली: 'कोरीच आहे. खात्री करून घ्यावी.'

बाई, आपले मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेनं क्षमा करावी. आपण तर, बाई, सात वर्षं पोटात घालतच आलात.